विमानाचे पहिले किट: सुरुवात तीन पंखांपासून

ओझरच्या धावपट्टीकडे निघालेल्या सुखोईचा आवाज नाशिककरांच्या इतका सवयीचा आहे की, येथे विमानाचे प्लास्टिक किट बांधायला घेणारा नवशिका बहुधा सुखोई किंवा मिग-२१ मागवतो. १९६४ पासून मिगच्या बांधणीसाठी उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या परिसरात हे स्वाभाविक आहे. तरीही शिकण्याच्या दृष्टीने ही निवड मला उलट्या टोकाची वाटते. जेट विमानाचा सांगाडा पत्र्याच्या आत दडलेला असतो आणि किट बांधणाऱ्याच्या हाती फक्त बाहेरचे कवच येते. १९०३ ते १९१८ या काळातील विमानांच्या दांड्या, ताणलेल्या तारा, कापडाखालून उठून दिसणाऱ्या फासळ्या आणि उघडे इंजिन हे सगळे बाहेरच असते. त्यामुळे असे किट जोडताना प्रत्येक तुकड्याला खऱ्या विमानात काय काम होते हे विचारता येते आणि त्याचे उत्तरही बहुतेक वेळा त्या तुकड्याच्या आकारात सापडते. या लेखातील सर्व पायऱ्या याच प्रश्नाला धरून मांडल्या आहेत.

कोणते किट घ्यावे

पहिले किट म्हणून फोकर डीआर-१ हे तीन पंखांचे जर्मन विमान घ्यावे. तीन पंख पाहून नवशिका बिचकतो, पण हे विमान त्या काळातील इतर विमानांपेक्षा बांधायला सोपे आहे, कारण त्याच्या पंखांमध्ये तारा नाहीत. त्या काळातील बहुतेक विमानांचे पंख पातळ असत आणि ते तारांच्या ताणावर उभे असत. फोकरच्या जाड पंखांत मात्र पेटीच्या आकाराचा मजबूत लाकडी वासा होता आणि त्याच्या बळावर पंख आपला भार स्वतः पेलत. टोकाजवळच्या उभ्या दांड्या पंखांची थरथर थांबवण्यासाठी नंतर बसवल्या गेल्या. अशी सुमारे ३२० विमाने तयार झाली. पहिल्या महायुद्धातला प्रसिद्ध जर्मन लढाऊ वैमानिक मानफ्रेड फोन रिश्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला तेव्हा तो याच प्रकारच्या विमानात होता, आणि त्या लाल विमानामुळे हे किट अनेक कंपन्यांनी काढले आहे. एअरफिक्स, रेव्हेल किंवा एडुआर्ड यांपैकी जे सहज मिळेल ते घ्यावे.

स्केल १/७२ किंवा १/४८ असावे. १/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट किटवर एका इंचात बसतात. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने जी प्लास्टिकची किट विक्रीला आणली तीही याच स्केलची होती, आणि आजही सर्वांत जास्त विमाने याच मापात मिळतात. या मापात फोकरचा पंख जेमतेम १० सेंटिमीटर भरतो, तर सुखोई नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर होते. बारीक काम करण्याची सवय नसेल किंवा चाळिशीचा चष्मा लागला असेल तर १/४८ घ्यावे. त्यात पंख १५ सेंटिमीटरचा होतो आणि दांड्या चिमट्यात धरता येतात.

महाराष्ट्रात आरंभीच्या विमानांचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही आणि मोजमापाचा आराखडाही नाही. वैमानिक शास्त्र म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ग्रंथातील आकृतींची तपासणी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली, तेव्हा त्या यंत्रांना उडता येणार नाही असाच निष्कर्ष निघाला. मॉडेल बांधणाऱ्याला छायाचित्र, माप आणि शक्य असेल तर संग्रहालयातले खरे विमान लागते. ते जेथे आहे तेथून सुरुवात करावी.

साहित्य

किट बहुधा ऑनलाइनच मागवावे लागते. बाकीचे बरेचसे गावात मिळते. तुकडे सोडवण्यासाठी सपाट तोंडाचा बारीक निपर, कटर आणि त्याची जादा पाती, टोकदार चिमटा, ४००, ८०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर, मास्किंग टेप आणि कापण्यासाठी जाड मॅट एवढे पुरे. वॉटर पेपर आणि टेप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मेन रोड किंवा शालिमार भागातल्या स्टेशनरीच्या दुकानांत कटर, ०० आणि २ नंबरचे गोल ब्रश आणि अॅक्रिलिक रंग मिळू शकतात. एअरब्रश, कॉम्प्रेसर आणि महागड्या रंगांचे संच पहिल्या किटसाठी घेऊ नयेत. पुष्कळांचा उत्साह या खरेदीतच संपतो आणि डबा बंदच राहतो.

गोंद मात्र विचारपूर्वक घ्यावा. प्लास्टिक सिमेंट हा खरे तर द्रावक आहे. तो दोन्ही तुकड्यांचे पॉलिस्टायरिन क्षणभर विरघळवतो आणि द्रावक उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून जोडाच्या जागी रंग लागला असेल तर तो खरवडून काढावा, नाहीतर सिमेंट रंगालाच धरते आणि तुकडा पुढे सुटतो. फेविक्विक झटकन पकडते, पण तो जोड ठिसूळ असतो आणि तुकडा सरकवायला वेळ देत नाही. त्याचा उपयोग तारांसाठी राखून ठेवावा. पारदर्शक काच बसवण्यासाठी पांढरे फेविकॉल उत्तम, कारण ते वाळल्यावर दिसत नाही आणि फेविक्विकप्रमाणे काच धुरकट करत नाही.

तुकडे सोडवणे आणि जोडणे

डबा उघडल्यावर प्रथम सूचनापत्रिका शेवटपर्यंत वाचावी आणि तुकड्यांच्या सर्व फ्रेम कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवाव्यात. साच्यातून सुटावे म्हणून लावलेले तेल प्लास्टिकवर राहिले तर रंग धरत नाही. तुकडा हाताने पिळून कधीही काढू नये. निपरने फ्रेमच्या बाजूला थोडे अंतर ठेवून कापावे, उरलेला खुंट कटरने तासावा आणि मग ८०० च्या पेपरने सपाट करावा. कटर नेहमी अंगापासून दूर चालवावा. दांड्यांसारखे नाजूक तुकडे ज्या दिवशी बसवायचे त्याच दिवशी सोडवावेत. त्यांच्या कडेने साच्याच्या दोन भागांमधली बारीक रेघ उठलेली असते, ती पात्याच्या पाठीने हलकेच खरवडून टाकावी.

जोडणीचा क्रम कॉकपिटपासून सुरू होतो. आतला भाग, बैठक आणि नियंत्रण दांडा रंगवून मग धडाचे दोन भाग जोडावेत आणि टेपने बांधून रात्रभर ठेवावेत. सांध्यात फट राहिली तर पुटी भरून घासावी. त्यानंतर खालचा पंख आणि शेपटी बसवावी. फोकरचे तिन्ही पंख समोरून पाहिल्यास अगदी आडवे, एकमेकांना समांतर असतात, त्यामुळे चूक लगेच दिसते. मधला पंख बसवल्यानंतर आणि पुन्हा वरचा पंख बसवल्यानंतर विमान डोळ्यांच्या रेषेत धरून समोरून पाहावे. मग वरून पाहून दोन्ही टोकांपासून शेपटीपर्यंतचे अंतर दोऱ्याने मोजावे. वरचा पंख वाळेपर्यंत त्याला आधार देण्यासाठी जाड पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला तर हात थरथरण्याचा प्रश्न राहत नाही. रंगकाम सोयीचे व्हावे म्हणून वरचा पंख शेवटी, रंगवून झाल्यावरच बसवावा. मधल्या पंखाच्या वरच्या बाजूला ब्रश नंतर पोचत नाही.

खऱ्या डीआर-१ ची सर्वांत मोठी अडचणही सांध्यांचीच होती. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस काही विमानांचे वरचे पंख हवेतच मोडले आणि वैमानिक मारले गेले. तपासणीत पंखांच्या आत ओल शिरून लाकडी सांधे सुटल्याचे आणि कारागिरी निकृष्ट असल्याचे दिसले. विमाने जमिनीवर उतरवून पंख बदलावे लागले. पंखाच्या आतल्या लाकडाला वॉर्निश का हवे, हा प्रश्न त्या काळी जीवनमरणाचा होता.

रंग

रंगाच्या बाबतीत नाशिकचे हवामान लक्षात घ्यावेच लागते. जून ते सप्टेंबर हवेत ओलावा एवढा असतो की स्प्रेच्या चकचकीत वॉर्निशवर पांढुरकी साय धरते, म्हणून ते काम पावसाळ्यात टाळावे आणि तुकडे जोडण्याचे काम त्या महिन्यांत उरकावे. एप्रिल-मे मध्ये उलट स्थिती असते. दुपारच्या कोरड्या उष्म्यात अॅक्रिलिक ब्रशवरच वाळतो आणि पंखावर ओरखडे उमटतात, त्यामुळे सकाळी लवकर किंवा रात्री रंगवावे आणि रंगात थेंबभर पाणी घालावे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. कोणत्याही ऋतूत रंगवताना खोलीतला पंखा बंद ठेवावा आणि खिडकी उघडी ठेवावी. पंखा धूळ उडवतो, आणि द्रावकाचा वास कोंडून ठेवणे बरे नाही.

प्रथम करड्या प्रायमरचा पातळ थर द्यावा, म्हणजे राहिलेल्या फटी आणि ओरखडे दिसतात. त्यानंतर रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत. एका जाड थराने फासळ्यांचे उठाव बुजतात आणि कापडाचा सगळा आभास जातो. त्या काळातले पंख लिननच्या कापडाने मढवलेले असत. कापडावर डोप नावाचे सेल्युलोजचे द्रव्य चढवले की ते आकसून ढोलासारखे ताणले जाई. नुसत्या डोपचे कापड मलईसारखे पिवळसर दिसते, आणि ब्रिटिश विमानांची खालची बाजू बहुधा तशीच असे. वरच्या बाजूला पीसी-१० हा तपकिरी-हिरवट थर असे. त्याला नुसता लपण्यासाठीचा रंग समजू नये. सूर्याच्या किरणांनी लिनन कुजते, आणि त्यापासून कापड वाचवणे हे त्या रंगद्रव्याचे मुख्य काम होते. स्टेशनरीच्या दुकानातल्या यलो ऑकरमध्ये बर्न्ट अंबर आणि किंचित काळा मिसळून पीसी-१० च्या जवळचा रंग मिळतो. जर्मन फोकरवर मात्र गडद हिरवट-तपकिरी रंगाचे ब्रशचे पट्टे मलईरंगी कापडावर ओढलेले असत. म्हणजे येथे ब्रशच्या खुणा दिसल्या तर ते बरोबरच आहे, आणि नवशिक्याला हे विमान सुचवण्याचे तेही एक कारण आहे. हे पट्टे जवळजवळ कोरड्या ब्रशने, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे ओढावेत. खालची बाजू फिकट निळी-हिरवी असते.

इंजिनाकडे थोडे जास्त लक्ष द्यावे. डीआर-१ आणि त्याचे प्रतिस्पर्धी ब्रिटिश विमान सॉपविथ कॅमल या दोन्हींमध्ये रोटरी इंजिन होते. यात मधला दांडा विमानाला घट्ट बसवलेला असतो आणि नऊ सिलिंडरांसह सगळे इंजिनच प्रॉपेलरबरोबर फिरते. ते फिरल्यामुळे आपोआप थंड होई, पण त्याचे वंगण परत मिळत नसे. वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. जळलेले आणि न जळलेले एरंडेल इंजिनाच्या आवरणातून मागे उडे, धडाच्या खालच्या बाजूवर पसरे आणि वैमानिकाच्या तोंडावरही येई. एरंडेलाचे गुण मराठी घरांत वेगळे सांगायला नकोत. मॉडेलवर हे दाखवायचे असेल तर बर्न्ट अंबरचा अतिशय पातळ, तेलकट चमक असलेला थर आवरणाच्या खालच्या कडेपासून मागच्या दिशेने पुसत न्यावा. विमानाला धूळ आणि गंज फासून जुनाट करण्याचा मोह टाळावा. कापड आणि लाकूड गंजत नाही, आणि आघाडीवरचे विमान फार वर्षे जगतही नसे.

डेकल

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे. ती लावण्यापूर्वी रंगावर चकचकीत वॉर्निशचा थर द्यावा. खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चांदीसारख्या चमकतात. प्रत्येक डेकल वेगळे कापून कोमट पाण्यात १५-२० सेकंद बुडवावे, टिश्यूवर ठेवून सुटेपर्यंत थांबावे, मग ओल्या ब्रशने जागेवर सरकवावे. फासळ्यांवर ते बसत नसेल तर पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर लावावे. उन्हाळ्यात गोदामात तापलेल्या जुन्या किटचे डेकल कधी कधी पाण्यात तुकडे होऊन सुटते, म्हणून नको असलेले एक आधी बुडवून पाहावे. जर्मन विमानांवरचा क्रॉस १९१८ च्या वसंतात रुंद टोकांच्या जुन्या आकाराऐवजी सरळ पट्ट्यांचा झाला. किटमध्ये दोन्ही असतील तर ज्या महिन्याचे विमान दाखवायचे त्याचाच घ्यावा. शेवटी सर्वांवर मंद वॉर्निश द्यावे.

तारा

दुसऱ्या किटपासून तारा येतात, आणि या छंदाचा खरा गाभा मला येथेच दिसतो. दोन पंखांच्या विमानात दोन पंख, उभ्या दांड्या आणि तिरक्या तारा मिळून एक पूल तयार होतो. हवेत असताना पंख वर उचलले जातात, तेव्हा धडाजवळच्या खालच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दांडीच्या वरच्या टोकापर्यंत जाणाऱ्या तारांवर ताण येतो. जमिनीवर पंखांचे वजन खाली ओढते, तेव्हा उलट दिशेच्या तारा काम करतात. उडतानाचा भार जास्त, म्हणून त्या तारा बऱ्याच विमानांत दुहेरी असत. एकदा हे समजले की सूचनापत्रिकेतली तारांची आकृती पाठ करावी लागत नाही.

तार किती जाड असावी हे हिशोबाने ठरवावे. ०.१ मिलिमीटरचा तंगूस १/७२ वर खऱ्या ७.२ मिलिमीटरच्या तारेएवढा होतो, १/४८ वर ४.८ मिलिमीटर. शिवणाचा दोरा तर दोरखंडच होतो, शिवाय त्याला तंतू सुटतात. सर्वांत स्वस्त आणि बारीक तार किटच्या रिकाम्या फ्रेमपासूनच मिळते. फ्रेमचा वीतभर तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर धरून फिरवत राहावा, मऊ पडून लवू लागला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ओढावा. ओढण्याचा वेग जितका जास्त, तितकी तार बारीक. प्लास्टिक पेटू देऊ नये आणि हे काम खिडकीजवळ करावे.

दोन पंख जोडण्यापूर्वी तारांची टोके जेथे येतात तेथे सुईच्या टोकाने किंवा ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने खळगे करून घ्यावेत. पंख जोडून पक्के झाल्यावर कंपासपेटीतल्या डिव्हायडरने दोन खळग्यांमधले अंतर मोजावे, तेवढी तार कापावी, टोकांना फेविक्विकचा कण लावून चिमट्याने बसवावी. आतून बाहेर या क्रमाने जावे, म्हणजे बसवलेल्या तारेला हात लागत नाही. तार सैल दिसली तर पेटलेल्या अगरबत्तीचे टोक तिच्या जवळ, न टेकवता न्यावे. प्लास्टिक आकसून तार सरळ होते. तंगूस भोकातून ओवून खाली कपड्याचा चिमटा टांगून ताणण्याचीही पद्धत आहे. ती मजबूत असली तरी ताण जास्त झाला तर पंख वाकतात, त्यामुळे ती तिसऱ्या-चौथ्या किटसाठी ठेवावी. ब्रिटिश विमानांच्या तारा १९१७ पर्यंत चपट्या पोलादी पट्ट्यांच्या झाल्या होत्या, म्हणून त्या काळ्या न रंगवता गडद पोलादी करड्या ठेवाव्यात.

पुढची विमाने

फोकरनंतर कॅमल किंवा एसई-५ए हे दोन पंखांचे ब्रिटिश विमान घ्यावे. कॅमलचा खालचा पंख टोकांकडे वर उचललेला आणि वरचा अगदी सपाट असतो. किट वाकडे आले असे समजून तो सरळ करू नये. वरचा पंख बांधायला सोपा व्हावा म्हणून मूळ विमानातच तसे केले होते. पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक हे कॅमल चालवत. इंद्रलाल रॉय यांचे एसई-५ए मात्र भारतीय बांधणाऱ्याने एकदा तरी करावे. कोलकात्यात जन्मलेल्या या वैमानिकाने ४० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमधून जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय नोंदवले आणि २२ जुलैला, १९ वर्षांच्या वयात, तो मारला गेला. त्याच्या विमानाचे इंजिन फिरणारे नव्हते. पुढे मोटारीसारखा चौकोनी रेडिएटर असल्याने एरंडेलाचे डाग येथे दाखवू नयेत.

त्यानंतर ब्लेरियो-११. लुई ब्लेरियो याने २५ जुलै १९०९ रोजी कॅलेहून डोव्हरपर्यंत खाडी ओलांडली ती तीन सिलिंडरांच्या २५ अश्वशक्तीच्या अँझानी इंजिनावर. एकच पंख असला तरी त्याच्या वर आणि खाली तारा आहेत, आणि धडाचा मागचा भाग उघडा असल्याने आतल्या तिरक्या तारांची जाळीही बसवावी लागते. या पंखाला एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नाहीत. वळताना तारा ओढून सगळा पंखच पिळला जाई. राइट बंधूंनी ही युक्ती १८९९ मध्ये पाच फुटी पतंगावर तपासून पाहिली होती. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर ज्याने पतंगाची कामटी वाकवून त्याचा कल सुधारला आहे, त्याला पंख पिळण्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. किटच्या पंखावर एलेरॉनची रेघ कोरलेली आढळली तर ती पुटीने बुजवावी.

राइट फ्लायर सर्वांत शेवटी घ्यावे, जरी इतिहासात ते सर्वांत आधीचे असले तरी. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याने चार उड्डाणे केली, पहिले १२ सेकंदांचे आणि शेवटचे ५९ सेकंदांचे, आणि त्यानंतर वाऱ्याने उलटून मोडलेले ते विमान पुन्हा उडले नाही. चाके नाहीत, धड नाही, पुढे उंची सांभाळणारी पाती, मागे साखळीने फिरणारे दोन प्रॉपेलर, आणि बाकी सगळे म्हणजे दांड्या आणि तारा. गोंदाला धरायला जागाच फार थोडी. कापड रंगवलेले नव्हते, म्हणून दोन्ही पंखांना फक्त मलमलीचा फिकट रंग द्यावा. इंजिन मध्यरेषेच्या उजवीकडे होते आणि ते डावीकडे झोपून विमान चालवणाऱ्या वैमानिकापेक्षा जड होते, म्हणून उजव्या बाजूचे पंख चार इंचांनी लांब ठेवले होते. १/७२ वर हा फरक सुमारे १.४ मिलिमीटर येतो. जोडण्यापूर्वी दोन्ही बाजू मोजाव्यात, आणि फरक आढळला तर उजवी बाजू घासून डावीएवढी करू नये.